हिरवं करायचं तर नीट हिरवं: सेंट पॅट्रिक्स डेच्या पार्टीची पेयं

डब्लिनमधल्या आमच्या पहिल्या सेंट पॅट्रिक्स डेला, म्हणजे १७ मार्चच्या आयर्लंडच्या हिरव्या रंगाच्या राष्ट्रीय सणाला, मी पाहुण्यांना जे प्यायला दिलं, त्याचा रंग शेवाळलेल्या हौदासारखा होता. पुदिना, लिंबू, साखर, पाणी सगळं सकाळीच मिक्सरमधून काढून भला मोठा जग फ्रिजमध्ये ठेवला आणि आम्ही परेड बघायला गेलो. चार वाजता कुडकुडत परत आलो, तर हिरव्याचं खाकी झालेलं. चव बरी होती, पण या दिवशी खाकी सरबत कोण पिणार? शेजारच्या आजोबांनी अर्धा ग्लास संपवला आणि "इंटरेस्टिंग" म्हणाले. आयरिश माणूस खाण्यापिण्याला "इंटरेस्टिंग" म्हणाला की काय समजायचं ते समजून जावं.

त्यानंतर दरवर्षी चौदा-पंधरा माणसं घरी येतात. निम्मी आयरिश, निम्मी आपली, वर पोरंसोरं. चुका करत करत हाताला जे लागलं ते इथे लिहिते आहे. हिरवा रंग कसा आणायचा हे सोपं आहे. तो टिकवायचा कसा, यातच खरी मेख आहे.

आधी हिरव्या बिअरबद्दल

हिरवी बिअर आयर्लंडची नाही, अमेरिकेची. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सचे डॉक्टर थॉमस कर्टिन यांनी १९१४ साली एका क्लबच्या मेजवानीत ती पाजली, आणि त्यासाठी बिअरमध्ये 'वॉश ब्लू'चा थेंब टाकला होता. वॉश ब्लू म्हणजे आपल्याकडे पांढऱ्या सदऱ्यांना घालत ती नीळ! शिकागोची नदी १९६२ पासून हिरवी करतात, तीही अमेरिकाच. इथे आयर्लंडात मात्र १९२७च्या कायद्याने या दिवशी पब चक्क बंद असत. ती बंदी १९६०च्या कायद्याने उठली. त्यामुळे इथल्या जुन्या माणसांसमोर हिरवी बिअर ठेवली तर ती हसतात. ठेवू नका असं नाही, पण तुमच्या पार्टीची शान तिच्यावर अवलंबून ठेवू नका. आणि आमंत्रण इंग्रजीत लिहिणार असाल तर 'पॅडीज डे' लिहा. 'पॅटीज डे' लिहिलंत तर पेय ओठाला लागण्याआधीच तुमची शाळा घेतली जाईल.

तरी त्या डॉक्टरांनी नीळ का टाकली हे लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बिअर मुळात पिवळी. पिवळ्यात निळं घातलं की हिरवं. बाजारातल्या हिरव्या रंगाच्या बाटलीत बहुधा पिवळा आणि निळा एकत्र केलेलाच असतो. तो बिअरमध्ये घातला की पिवळं जास्त होतं आणि रंग पोपटी-आंबट दिसतो. म्हणून पिवळसर पेयात, म्हणजे लागर (फिकट बिअर), सफरचंदाचा रस, अननसाचा रस यांत, खाण्याचा निळा रंग वापरा. सोडा, पांढरं लेमोनेड, जिन अशा पाण्यासारख्या पेयात हिरवा. दुधात हिरवाच, पण थोडा जास्त. दूध रंग गिळतं.

फिकट लागरच्या एका ग्लासाला पातळ निळ्या रंगाचा एक थेंब, फार तर दोन. थेंब आधी रिकाम्या ग्लासात टाका, मग ग्लास तिरका धरून बिअर ओता. ती आपणहून मिसळते. ओतल्यावर चमच्याने ढवळाल तर फेस बसेल आणि गॅस जाईल. घट्ट जेल रंग असेल तर अर्धा चमचा कोमट पाण्यात आधी विरघळवून घ्या, नाहीतर ग्लासाच्या तळाशी गुठळी बसते आणि शेवटच्या घोटाला जीभ निळी होते. स्टाउटवर, म्हणजे गिनेससारख्या काळ्या बिअरवर, प्रयोग करू नका. काळ्यावर कुठलाही रंग चढत नाही, आणि आयरिश पाहुण्यासमोर गिनेसमध्ये रंग टाकणं म्हणजे आपल्या आजीच्या पुरणपोळीवर टोमॅटो सॉस ओतण्यासारखं आहे.

खाकी का होतं

पानांचा हिरवेपणा हरितद्रव्याचा. त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. आंबट काही लागलं की ते मॅग्नेशियम निसटतं आणि रंग मेंदीसारखा होतो. पालकाची भाजी झाकण ठेवून शिजवली की काळपट पडते, ती याच कारणाने: पालकातलीच आम्लं वाफेबरोबर बाहेर न जाता पातेल्यातच राहतात. पुदिन्याची आणखी एक खोड आहे. तो चिरला-वाटला की हवा लागून काळा पडतो, कापलेलं सफरचंद पडतं तसा. म्हणजे माझ्या त्या सरबताच्या जगमध्ये दोन्ही शत्रू एकाच वेळी कामाला लागले होते.

यावर उपाय दोनच. पानं वाटण्याआधी उकळत्या पाण्यातून काढायची, म्हणजे काळं पाडणारी विकरं (एन्झाइम) मरतात. आणि लिंबू ग्लासात, पिणाऱ्याच्या समोरच घालायचं. जगमध्ये लिंबू कधीही नाही. हे एवढं पाळलंत तर रंगाच्या बाटलीला हातही लावावा लागत नाही.

आदल्या दिवशी: हिरवा पाक

हा पाक म्हणजे पार्टीचा कणा. पंधरा माणसांसाठी ६०० ग्रॅम साखर आणि ६०० मिलिलिटर पाणी गरम करा. साखर विरघळली की पुरे. तार-बीर काही नको. थंड झालं की फ्रिजमध्ये ठेवा आणि बर्फासारखं गार होईपर्यंत पुढे जाऊ नका. कोमट पाकात पुदिना वाटला की मेहनत वाया. हे मी दोनदा करून पाहिलं आहे.

पुदिन्याची निवडलेली पानं साधारण १०० ग्रॅम लागतात. इथल्या सुपरमार्केटमध्ये पुदिना चिमुकल्या प्लास्टिकच्या डबीत मिळतो आणि तेवढ्या डब्या घेताना जीव कळवळतो. आशियाई किंवा हलाल दुकानात मोठ्या जुड्या मिळतात, तिथून आणा. सोबत कोवळ्या पालकाची दोन मुठी पानं, ५० ग्रॅमच्या आसपास. पालकाची चव लागत नाही, रंगाला मात्र खोली येते. आमच्या पाहुण्यांपैकी अजून एकालाही पालक ओळखू आलेला नाही, आणि मी सांगितलेलंही नाही.

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळा. चिमूटभर खायचा सोडा टाका. चिमूटभरच. जास्त झाला तर साबणाची चव येते. शेजारी एका भांड्यात बर्फाचं पाणी तयार ठेवा. पानं उकळत्या पाण्यात सोडा, मनात पंधरा मोजा, झाऱ्याने उचला आणि थेट बर्फात टाका. या क्षणी पानांचा रंग बघण्यासारखा असतो. मळकट हिरवी पानं एकदम पाचूसारखी होतात. पूर्ण गार झाली की मुठीत घट्ट पिळा, गार पाकाबरोबर मिक्सरमध्ये एक मिनिट फिरवा आणि पातळ मलमलच्या फडक्यातून गाळा. चहाच्या गाळणीतून गाळलंत तर चोथा खाली उतरतो आणि ग्लासात गाळ दिसतो.

जवळजवळ एक लिटर पाक निघतो. ३० मिलिलिटरच्या हिशेबाने तीसेक ग्लास. बाटली काठोकाठ भरा म्हणजे आत हवा राहणार नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवस रंग उत्तम असतो, तिसऱ्या दिवशी उतरायला लागतो. लवकर करून ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

ग्लासात काय

साधा प्रकार, जो लहानमोठे सगळे पितात: बर्फ, ३० मिलिलिटर पाक, १५ मिलिलिटर लिंबाचा रस, चवीला मीठ, वरून १५० मिलिलिटर गार सोडा. सोड्याऐवजी इथलं 'व्हाइट लेमोनेड' वापरणार असाल तर ते आधीच गोड असतं, तेव्हा पाक २० मिलिलिटरच घाला. लिंबू पडल्यावरही अर्धा-पाऊण तास रंग छान राहतो, आणि तेवढ्यात ग्लास संपतोच. आपल्या मंडळींसाठी काळं मीठ बाजूला ठेवा. आयरिश पाहुण्यांच्या ग्लासात विचारल्याशिवाय घालू नका, त्यांना त्याचा वास उकडलेल्या अंड्यासारखा वाटतो. (खरं सांगायचं तर येतोच तसा.)

ज्यांना मद्य हवं असेल त्यांच्यासाठी याच ग्लासात जिन किंवा व्होडका. इथल्या पबमध्ये स्पिरिटचं माप ३५.५ मिलिलिटरचं असतं. तसलं मापाचं भांडं घरात असू द्या, अंदाजाने ओतणाऱ्या नवऱ्याच्या हातात बाटली देऊ नका. आयरिश व्हिस्की मात्र या हिरव्यात घालू नका. तपकिरी आणि हिरवं मिळून नाल्याचा रंग होतो, शिवाय पुदिन्याखाली व्हिस्की दडपते. व्हिस्कीवाल्यांना जिंजर एल, लिंबाची फोड, भरपूर बर्फ. पेय पिवळसरच राहू दे, बर्फ हिरवा करा. पाकात तेवढंच पाणी मिसळून ट्रेमध्ये गोठवलेले खडे सोनेरी पेयात हळूहळू विरघळताना फार सुंदर दिसतात.

एक नियम आमच्या घरात दगडावरची रेघ आहे: जगमध्ये मद्य नाही. हिरवे दोन जग शेजारी ठेवले, एकात व्होडका, एकात नाही, आणि एका सहा वर्षांच्या मुलीने चुकीच्या जगाला हात घातला. तिच्या आईने वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मद्य फक्त मोठ्या माणसाने, ग्लासात, टेबलावर नाही तर ओट्यापाशी घालायचं. चिठ्ठ्या चिकटवणं, वेगळ्या रंगाच्या नळ्या वगैरे मी करून पाहिलं. तासाभरात सगळं इकडचं तिकडे होतं.

दुधातलं हिरवं

मुलांना दुधाचं काही हवं असतं. वाळ्याचं सरबत म्हणून मिळतं ते हिरवंगार सिरप इथल्या भारतीय दुकानात असतं. वाळ्याच्या मुळांना स्वतःचा असा हिरवा रंग नसतो, बाटलीतला रंग वरून घातलेला असतो, हे माहीत असू द्या. ३० मिलिलिटर सिरप, २०० मिलिलिटर गार दूध, भिजवलेला सब्जा. झालं. बाटलीवरची घटकांची यादी वाचा. युरोपात टार्ट्राझिनसारख्या काही रंगांवर 'मुलांच्या एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो' असा इशारा छापावा लागतो, आणि काही आयांना ते चालत नाही. त्यांना आधी विचारलेलं बरं.

दुधात किवी घालू नका. त्यात दुधाची प्रथिनं तोडणारं विकर असतं, अर्ध्या तासात शेक कडू होतो. आयरिश क्रीम (व्हिस्की आणि क्रीमचं लिक्युअर) घातलेल्या पेयात लिंबूही नको, ते लगेच फाटतं आणि ग्लासात पनीर तयार होतं.

गोकर्णाच्या फुलांचंही सांगून टाकते, कारण इंटरनेटवर ती फार सुंदर दिसतात. निळा चहा, त्यात पिवळा अननसाचा रस, म्हणजे हिरवं, असं माझं गणित होतं. अननस आंबट. गोकर्ण आंबट लागलं की जांभळं होतं. सेंट पॅट्रिक्स डेला मी पंधरा ग्लास जांभळं सरबत वाटलं.

झेंड्याचा ग्लास

हा दरवर्षीचा आकर्षणाचा भाग. आयरिश झेंड्यात हिरवा, पांढरा, नारिंगी असे उभे पट्टे. १८४८ साली थॉमस फ्रान्सिस मार यांनी तो पुढे आणला. हिरवा कॅथलिक परंपरेचा, नारिंगी प्रोटेस्टंट परंपरेचा, आणि पांढरा त्या दोघांमधल्या शांततेचा. ग्लासात उभे पट्टे जमत नाहीत, आडवेच थर लावावे लागतात. हिरवा सगळ्यात जड म्हणून तळाशी, नारिंगी वर. आता डोळ्यांसमोर आणा: वर केशरी, मधे पांढरा, खाली हिरवा. पहिल्यांदा हा ग्लास टेबलावर ठेवला तेव्हा शेजारच्या आजोबांना त्यांचा झेंडा दिसला आणि माझ्या मुलाला आपला. दोघांनी एकाच वेळी फोटो काढला.

थर बसतात ते साखरेच्या वजनावर. जास्त साखर जड, खाली बसते. कमी साखर हलकी, वर तरंगते. उंच, अरुंद ग्लास घ्या. तळाशी ४० मिलिलिटर हिरवा पाक. त्यावर काठापासून दोन बोटं कमी, इतका चुरलेला बर्फ. बर्फ थरांना आधार देतो, धसमुसळ्या हातालाही सांभाळून घेतो. मग पांढरा थर: २०० मिलिलिटर नारळाच्या दुधात दोन मोठे चमचे साखर विरघळवून. यातलं ६० मिलिलिटर, चमचा उलटा करून ग्लासाच्या आतल्या बाजूला टेकवा आणि त्याच्या पाठीवरून अगदी सावकाश ओता. साखर घालायला विसरलात तर नारळाचं दूध जागेवर राहत नाही, वर येऊन नारिंगीत मिसळतं. शेवटी नारिंगी. संत्र्याचा रस वापरला तेव्हा पांढऱ्याच्या सीमेवर ते फाटल्यासारखं दिसलं, म्हणून आता मी गाजराचा रस गाळून, त्यात थोडं आलं आणि निम्मं पाणी घालून वापरते. तोही चमच्याच्या पाठीवरून. ग्लास भरल्यावर दोन-तीन मिनिटांत पाहुण्याच्या हातात गेला पाहिजे. त्यामुळे हे एका वेळी चार-पाचच करा, सगळे लावून ठेवायच्या फंदात पडू नका.

मोठ्यांसाठी छोट्या शॉट ग्लासात हेच मद्यातून होतं: खाली हिरवी क्रेम द मांथ (पुदिन्याचं लिक्युअर), मधे आयरिश क्रीम, वर संत्र्याचं लिक्युअर. जड-हलक्याचा क्रम तोच. चमच्याच्या पाठीवरून ओतायला शिकलात की हे डोळे मिटून जमतं.

थंडीतून आलेल्यांसाठी

मार्च म्हणजे मुंबईतला मार्च नव्हे. डब्लिनची परेड बाराला पार्नेल स्क्वेअरपासून निघते, तास-दोन तास वाऱ्यात उभं राहून माणसं गारठून येतात आणि आल्या आल्या बर्फाचा ग्लास हातात दिला तर केविलवाणी बघतात. पहिलं पेय गरम ठेवा. मुलांना गरम दूध किंवा कोको, मोठ्यांना आयरिश कॉफी. ही मात्र खरीखुरी इथली, लिमरिक परगण्यातल्या फॉइन्सच्या विमानतळावर जो शेरिडन नावाच्या शेफने १९४०च्या दशकात गारठलेल्या प्रवाशांसाठी केलेली.

काचेचा ग्लास गरम पाण्याने तापवून घ्या. दोन चमचे ब्राउन शुगर, १२० मिलिलिटर कडक गरम कॉफी, साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, मग एक माप व्हिस्की. साखर नको म्हणणाऱ्यांनाही थोडी घालाच, क्रीम तरंगायला तिची मदत होते. क्रीम ताजं, बिनसाखरेचं, आणि अर्धवटच फेटलेलं हवं: चमच्यातून संथ ओघळलं पाहिजे, गोळा होऊन पडता कामा नये. डब्यातून फवारायचं क्रीम इथे चालत नाही. चमच्याच्या पाठीवरून बोटभर थर सोडा आणि मग ढवळू नका. गार क्रीममधून गरम कॉफी ओढायची, हीच तिची गंमत. यात हिरवं काही नाही, आणि घालूही नका.

किती लागतं, आणि काही किरकोळ

पहिल्या तासात माणशी दोन ग्लास, पुढे तासाला एक, हा हिशेब मला कधी फसला नाही. तीन तासांना पंधरा माणसांचे साठेक ग्लास. बर्फ माणशी अर्धा किलो, आणि तोही कमी पडतो. मद्याची खरेदी आदल्या दिवशीच उरका. दुकानांतली मद्यविक्री एरवी सकाळी साडेदहाला सुरू होते, या दिवशी रविवारप्रमाणे दुपारी साडेबाराला. गाडी घेऊन येणाऱ्यांना आधीच सांगा, इथे मर्यादा रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमची आहे, आणि नवशिक्या व व्यावसायिक चालकांना फक्त २०.

सजावटीला तीन पानी शॅमरॉकच शोभतो. चार पानांचं 'लकी' क्लोव्हर वेगळं, आणि त्याचे कागदी कटआउट लावलेत की पुन्हा शाळा. बेलाच्या पानासारखं तीन दलांचं, असं लक्षात ठेवा. सुपरमार्केटमधल्या कुंडीतला शॅमरॉक पेयात घालू नका, ती झाडं खाण्यासाठी वाढवलेली नसतात. ग्लासात पुदिन्याचा शेंडा टाका. या दिवशी कोटाला लावलेला शॅमरॉक शेवटच्या ग्लासात बुडवून तो ग्लास पिण्याची, मग पान डाव्या खांद्यावरून मागे फेकण्याची इथे जुनी रीत आहे. शेजारचे आजोबा ती न चुकता पाळतात, आणि ते पान न चुकता आमच्या पडद्याला चिकटतं.

रंगाची परीक्षा दुपारच्या उजेडात करू नका. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली हिरवा तपकिरीकडे झुकतो. ज्या खोलीत बसणार तिथलाच दिवा लावून एक ग्लास करून बघा.

ओट्यावर रंग सांडला तर खायच्या सोड्याची पेस्ट दहा मिनिटं लावून ठेवा, निघतो. रिकामे कॅन आणि प्लास्टिकच्या बाटल्या चुरगाळू नका, मशीनमध्ये परत दिल्या की लहान कॅन-बाटलीचे १५ आणि मोठीचे २५ सेंट मिळतात. आणि मुलांच्या आयांना निघतानाच सांगून ठेवा की निळा-हिरवा रंग पोटात जास्त गेला असेल तर दुसऱ्या दिवशी बाळाची शी हिरवी येईल. मी एका वर्षी सांगायला विसरले आणि सकाळी साडेसातपासून माझा फोन वाजत होता.